फॅक्टरीत बनलेलं बंड

एप्रिल २०२१ मध्ये हार्ले-डेव्हिडसनने 'इलेक्ट्रा ग्लाइड रिव्हायव्हल' नावाची एक मोटारसायकल काढली. अमेरिकेतली किंमत २९,१९९ डॉलर. वजन सुमारे ३९० किलो, म्हणजे आपल्या दोन बुलेट एकत्र बांधल्या तर भरेल साधारण तेवढं. निळा रंग, टाकीवर पांढरा पट्टा, पांढऱ्या कडांचे टायर, स्प्रिंगवर बसवलेली एकट्यापुरती सीट. आणि जगभरात मिळून जास्तीत जास्त १,५०० गाड्या, प्रत्येकीवर तिचा नंबर. एकदा संपल्या की संपल्या, पुन्हा काढणार नाही, हे कंपनीने आधीच सांगून टाकलं होतं.

ही गाडी १९६९ सालच्या इलेक्ट्रा ग्लाइडची आठवण म्हणून काढलेली. आता ज्यांना हार्लेचा इतिहास थोडाफार माहीत आहे त्यांना इथेच ठेच लागायला हवी. कारण १९६९ म्हणजे हार्लेच्या कुंडलीतलं साडेसातीचं पहिलं वर्ष! त्याच वर्षी ही कंपनी एएमएफ नावाच्या उद्योगसमूहाच्या ताब्यात गेली. बोलिंगची यंत्रं आणि खेळाचं सामान बनवणारा हा समूह. पुढची बारा वर्षं अशी गेली की आजही जुन्या हार्लेवाल्यांसमोर 'एएमएफच्या काळातली गाडी' असं म्हटलं की बहुतेकांची तोंडं वाकडी होतात. मग कंपनी नेमक्या त्याच सालाचा नंबर ठोकून गाडी का विकते? आणि लोक ती का घेतात?

'शायनिंग मारायला' हे उत्तर आपल्या तोंडावर तयार असतं. चुकीचं नाही ते, पण अपुरं आहे. शायनिंगच मारायची तर तेवढ्या पैशात यापेक्षा हलकी, वेगवान, चांगले ब्रेक असलेली इटालियन किंवा जर्मन गाडी येते. क्रूझर प्रकारातली अवजड गाडी वळणावर आळशी, ट्रॅफिकमध्ये गरम आणि पार्किंगमध्ये ढकलताना घाम काढणारी. कागदावरचे आकडे बघून कोणी ती घेत नाही. तिचं आकर्षण कुठून आलं हे शोधायला तिच्या इतिहासातच जावं लागतं. आणि तो इतिहास वाचताना मला सारखं आमच्या धंद्यातलं एक प्रकरण आठवत राहतं. सॉफ्टवेअरमध्ये मूळ प्रोजेक्टवाले ऐकत नाहीत म्हटल्यावर कोणीतरी त्याचा 'फोर्क' काढतो, स्वतःला हवे ते बदल करतो, आणि काही वर्षांनी तेच बदल मूळ प्रोजेक्ट गुपचूप आत घेतं. हार्लेची कहाणी थोडक्यात हीच आहे.

सुरुवातीपासून बघू. १९०३ साली मिलवॉकी गावात, डेव्हिडसनांच्या घरामागे १० बाय १५ फुटांच्या लाकडी शेडमध्ये विल्यम हार्ले आणि आर्थर डेव्हिडसन यांनी ही कंपनी सुरू केली. आर्थरचे भाऊ वॉल्टर आणि विल्यम नंतर येऊन मिळाले. १९०९ मध्ये त्यांनी पहिलं व्ही-ट्विन इंजिन आणलं, दोन सिलिंडर एकमेकांशी ४५ अंशांच्या कोनात. ही रचना सोयीसाठी होती. सायकलसारख्या चिंचोळ्या सांगाड्यात दोन सिलिंडर मावायचे तर असेच मावतात, आणि दोन्ही पिस्टनचे दांडे क्रँकच्या एकाच पिनवर बसवले की खर्चही वाचतो. पण त्याचा परिणाम असा की दोन सिलिंडर समान अंतराने पेटत नाहीत. एक पेटल्यावर क्रँक ३१५ अंश फिरला की दुसरा, मग ४०५ अंश फिरल्यावर पुन्हा पहिला. म्हणून ती लंगडत चालल्यासारखी धड-धडक, धड-धडक. इंजिनिअरच्या नजरेने हा दोषच. हा दोष लक्षात ठेवा, पुढे त्याचं सोनं होणार आहे.

दुसऱ्या महायुद्धात हार्लेने सुमारे ९०,००० लष्करी गाड्या बनवल्या, मुख्यतः 'डब्ल्यूएलए' हे मॉडेल. युद्ध संपलं आणि या गाड्या लष्कराने स्वस्तात फुंकून टाकल्या. परत आलेल्या तरुण सैनिकांच्या हातात थोडे पैसे होते, यंत्राची माहिती होती, आणि घरी शांत बसवत नव्हतं. त्यांनी गाड्या घेतल्या आणि हॅकसॉ काढली. पुढचं मडगार्ड काढून फेकलं, मागचं अर्धं कापलं, पिशव्या, कॅरिअर, जास्तीचे दिवे सगळं उतरवलं. वजन कमी म्हणजे वेग जास्त, एवढा साधा हिशोब. या गाड्यांना 'बॉबर' म्हणू लागले. पुढे पुढचा फोर्क लांब करून, सांगाडा कापून-जोडून जे झालं त्याचं नाव 'चॉपर'. यातलं काहीही मिलवॉकीच्या ड्रॉइंग बोर्डवर झालेलं नव्हतं. सगळं लोकांच्या गॅरेजमध्ये.

कंपनीला हे अजिबात पसंत नव्हतं. त्यात ४ जुलै १९४७ च्या सुट्टीत कॅलिफोर्नियातल्या हॉलिस्टर गावात मोटारसायकलवाल्यांनी दोन-तीन दिवस दंगा घातला. 'लाइफ' मासिकाने २१ जुलैच्या अंकात पानभर फोटो छापला: हार्लेवर रेललेला एक जाडजूड गडी, हातात बिअर, चाकाखाली बाटल्यांचा खच. तो फोटो मुद्दाम जुळवून काढला होता की काय यावर नंतर बरेच वाद झाले, पण अमेरिकेच्या डोक्यात चित्र पक्कं बसलं. १९५३ मध्ये या घटनेवरून बेतलेला 'द वाइल्ड वन' सिनेमा आला. त्यात मार्लन ब्रँडो चालवतो ती गाडी ब्रिटिश ट्रायम्फ आहे, आणि हार्लेवर बसलाय तो ली मार्व्हिन, म्हणजे जास्त वाईट टोळीचा म्होरक्या! साठच्या दशकात होंडाने जाहिरातींतून 'आमच्या गाड्या सज्जन माणसं चालवतात' असा सूर लावला, तेव्हा दुर्जन कोण हे सांगायची गरजच उरली नव्हती. मिलवॉकीच्या साहेबांना पोलिसांना आणि कुटुंबवत्सल प्रवाशांना गाड्या विकायच्या होत्या, आणि त्यांची गाडी गुंडांची म्हणून ओळखली जात होती.

मग आलं १९६९. त्या जुलैमध्ये 'ईझी रायडर' सिनेमा लागला. दोन तरुण, दोन चॉपर, आणि अमेरिका आडवी पार करणारा रस्ता. त्यातली 'कॅप्टन अमेरिका' नावाची गाडी, म्हणजे टाकीवर झेंड्याचे पट्टे आणि पुढे लांबच लांब फोर्क असलेली, कदाचित जगातली सगळ्यात ओळखीची मोटारसायकल असेल. ती हार्ले कंपनीने दिलेली नव्हती. पोलिसांनी लिलावात काढलेल्या जुन्या हार्ले गाड्या घेऊन त्या नव्याने बनवल्या होत्या. कोणी? क्लिफ व्हॉन्स आणि बेन हार्डी या दोन कृष्णवर्णीय माणसांनी. व्हॉन्स नागरी हक्क चळवळीतला कार्यकर्ता, हार्डी लॉस एंजलिसमधला नावाजलेला मेकॅनिक. सिनेमाच्या श्रेयनामावलीत दोघांचंही नाव नाही. पुढची काही दशकं ही गाडी अमेरिकन स्वातंत्र्याचं प्रतीक म्हणून पोस्टरवर झळकत राहिली आणि ती बनवणारे हात कोणाचे हे मोजक्या लोकांनाच ठाऊक होतं. २०१४ मध्ये त्यातली अस्सल म्हणून सांगितलेली एक गाडी लिलावात आली, तिच्यावर १३.५ लाख डॉलरची बोली लागली आणि पाठोपाठ ती खरी की खोटी यावर भांडण जुंपलं.

म्हणजे बघा, १९६९ साली दोन गोष्टी एकदमच झाल्या. हार्ले ही कंपनी दुसऱ्याच्या घरी नांदायला गेली, आणि हार्ले ही कल्पना तिच्या ग्राहकांनी जगभर पोचवली.

एएमएफने पैसा ओतला, उत्पादन धडाधड वाढवलं, १९७३ मध्ये जुळणीचं काम पेनसिल्व्हेनियातल्या यॉर्कला हलवलं. पण दर्जा घसरत गेला. कामगारांचा संप झाला. शोरूममध्ये नव्याकोऱ्या गाड्यांखाली तेल टिपायला पुठ्ठे अंथरलेले असत असं तेव्हाचे लोक सांगतात. हे चालू असताना कंपनीत एक माणूस मात्र रस्त्याकडे नीट बघत होता. विली जी. डेव्हिडसन, संस्थापकांपैकी विल्यम डेव्हिडसनचा नातू. १९६३ पासून तो गाड्यांच्या डिझाइनच्या खात्यात होता. तो रॅलींना जायचा, लोकांनी काय कापलंय, काय जोडलंय ते बघायचा. १९७१ मध्ये त्याने 'सुपर ग्लाइड' काढली: मोठ्या टूरिंग गाडीचा सांगाडा आणि इंजिन, त्याला लहान स्पोर्टस्टरचा हलका पुढचा भाग. गॅरेजमध्ये लोक जे करत होते तेच, पण फॅक्टरीतून, वॉरंटीसकट. १९७७ मध्ये 'लो रायडर' आली, तीही त्याच वळणाची. 'फॅक्टरी कस्टम' हा शब्दच मुळात विनोदी आहे, घरगुती खानावळीसारखा. पण इथून पुढे हार्लेचं पोट त्याच शब्दावर भरलं.

१९८१ मध्ये व्हॉन बील्स यांच्या नेतृत्वाखाली तेरा अधिकाऱ्यांनी, त्यात विली जी.ही होता, कर्ज काढून सुमारे ८ कोटी डॉलरला कंपनी एएमएफकडून परत घेतली. वेळ अतिशय वाईट होती: मंदी, चढे व्याजदर, आणि जपानी कंपन्यांच्या न विकलेल्या गाड्यांचा अमेरिकेत ढीग. १९८३ मध्ये रेगन सरकारने ७०० सीसीच्या वरच्या आयात मोटारसायकलींवरचा कर ४.४ टक्क्यांवरून ४९.४ टक्क्यांवर नेला, पाच वर्षांत टप्प्याटप्प्याने उतरणारा. (जपान्यांनी काय केलं? सरळ ७५० सीसीची इंजिनं ६९९ सीसीची केली. नियम वाचणारा इंजिनिअर कुठल्याही देशात सारखाच! :-)) तरीही १९८५ च्या डिसेंबरात हार्ले दिवाळखोरीच्या दारात होती. मुख्य सावकार बँकेने हात आखडता घेतला होता, आणि वर्षाच्या अगदी शेवटच्या दिवशी दुसऱ्या वित्तसंस्थेचा होकार आला म्हणून वाचली.

याच काळात कंपनीने एक गोष्ट केली जिच्यात मला सगळं रहस्य दिसतं. मिसुरी राज्यात बिल डेव्हिस नावाचा एक हौशी इंजिनिअर होता. त्याला जुन्या, मागे शॉकॉबसर नसलेल्या गाड्यांची सरळ तिरकी रेघ आवडायची, पण पाठीचे हाल नको होते. त्याने स्वतःच्या गाडीसाठी अशी रचना केली की मागचे शॉकॉबसर नजरेआड लपतात, आणि गाडी दिसते १९४० च्या दशकातली पण चालते आजची. हार्लेने ही कल्पना त्याच्याकडून विकत घेतली, आणि १९८४ ची 'सॉफ्टेल' त्यातून आली, त्याच वेळी आलेल्या नव्या 'इव्होल्यूशन' इंजिनासकट. बाहेरच्या माणसाचा पॅच आत घेतला, आणि पैसे देऊन घेतला हे विशेष. सॉफ्टेल हे आजही हार्लेच्या गाड्यांचं मोठं कुटुंब आहे. म्हणजे कंपनीला वाचवणाऱ्या गाड्यांपैकी एकीचा गाभा असा: नवं तंत्रज्ञान वापरून जुनं दिसायचं.

जपानी कंपन्यांनी हे ओळखलं आणि नक्कल सुरू केली. आता त्या लंगड्या इंजिनाकडे परत येऊ. होंडाच्या 'शॅडो' मालिकेत व्ही-ट्विनचा थरकाप कमी व्हावा म्हणून क्रँकच्या पिना वेगवेगळ्या ठेवल्या होत्या. अतिशय हुशार काम. गाडी मऊ चालायची, आणि ग्राहक म्हणायचे, हार्लेसारखी वाटत नाही. शेवटी १९९५ च्या 'शॅडो एस' मॉडेलमध्ये होंडाने एकाच पिनचा क्रँक घातला. थोडी ताकद गेली, थरथर वाढली, पण आवाज हार्लेच्या जवळ गेला. चांगलं चालणारं इंजिन मुद्दाम जरा वाईट करायचं, कारण लोकांना तो दोषच हवाय! हार्लेने तर १९९४ मध्ये तो आवाज ट्रेडमार्क म्हणून नोंदवायचा अर्ज केला होता. स्पर्धकांनी विरोध केला, वर्षानुवर्षं वकिलांची चांदी झाली, आणि २००० साली हार्लेने अर्ज मागे घेतला. चौथी बी टेस्टिंगवाले ज्याला बग म्हणतील त्याला मार्केटिंगवाले फीचर म्हणतात, हा आमचा जुना विनोद. इथे तो खरोखर पेटंट ऑफिसापर्यंत पोचला.

नव्वदचं दशक हार्लेचं. १९६९ ची पोरं आता चाळिशी-पन्नाशीत आली होती, केस विरळ, खिसे भरलेले. गाडीसाठी महिनोन् महिने थांबावं लागे, आणि हातात लगेच मिळते म्हणून जुनी गाडी नव्यापेक्षा जास्त किमतीला जाई. ही टंचाई खरी होती, कारखान्याला तेवढ्या गाड्या जमतच नव्हत्या. ज्यांना गाडी मिळायची ते ती घेऊन थेट कस्टम दुकानात जायचे आणि आणखी दहा-पंधरा हजार डॉलर तिथे ओतायचे. तो पैसा कंपनीच्या डोळ्यांदेखत बाहेर जात होता. मग १९९९ मध्ये हार्लेने 'कस्टम व्हेइकल ऑपरेशन्स' म्हणजे सीव्हीओ हा विभाग सुरू केला. पहिल्या दोन गाड्या एफएक्सआर-२ आणि एफएक्सआर-३. त्यांचा सांगाडा काही वर्षांपूर्वी बंद केलेला, पण जाणकार आजही ज्याची आठवण काढतात असा. दोन्ही मोजक्याच काढल्या. पुढे सीव्हीओ म्हणजे कंपनीची सगळ्यात महाग गाडी हे समीकरण झालं: मोठं इंजिन, थरावर थर दिलेला रंग, क्रोम, आणि थोडीच संख्या. २०२३ मध्ये १२० व्या वर्षानिमित्त काढलेली सीव्हीओ रोड ग्लाइड लिमिटेड फक्त १,५०० होती, किंमत ५० हजार डॉलरच्या पुढे.

आता आकडे बघा, कारण खरा मुद्दा त्यात आहे. हार्लेने १९९९ मध्ये सुमारे १.७७ लाख गाड्या पाठवल्या आणि २००६ मध्ये सुमारे ३.४९ लाख. म्हणजे सात वर्षांत जवळजवळ दुप्पट, खरी टंचाई संपली. कोपऱ्यावरच्या दाताच्या डॉक्टरकडेही हार्ले दिसू लागली की बंड कसलं? मग टंचाई बनवावी लागते. नंबर घालावा लागतो. आणि २००८ च्या मंदीनंतर उलटं सुरू झालं: २००९ मध्ये सुमारे २.२३ लाख, २०२४ मध्ये दीड लाखाच्या आसपास. १९६९ मध्ये विशीत असलेला माणूस २०२१ मध्ये बहात्तरचा होता, ३९० किलोची गाडी तो किती दिवस सांभाळणार? फेब्रुवारी २०२१ मध्ये कंपनीने 'हार्डवायर' नावाचं धोरण जाहीर केलं. त्याचा मराठीत अर्थ असा की सगळ्यांच्या मागे धावायचं नाही, ज्या अवजड गाड्यांत नफा आहे तिथेच जोर लावायचा. रिव्हायव्हल त्यानंतर दोनच महिन्यांनी आली. गाड्या कमी विकल्या जाणार असतील तर प्रत्येक गाडीत गोष्ट जास्त भरायची, असा तो हिशोब.

पुढच्या वर्षी, २०२२ मध्ये, त्याच मालिकेत 'लो रायडर एल डियाब्लो' आली, पुन्हा १,५०० च. ती १९८३ च्या एफएक्सआरटी गाडीवरून. ही गाडी तिच्या काळात फारशी चालली नव्हती, पण नंतर कॅलिफोर्नियातल्या क्लबवाल्यांनी तिच्या पुढच्या फेअरिंगला उचलून धरलं. एल डियाब्लोचा रंग कंपनीने कोलोरॅडोमधल्या गोल्डन गावच्या 'गनस्लिंगर' या कस्टम पेंटिंगच्या दुकानातून करून घेतला. वर्तुळ पूर्ण झालं म्हणायचं. बंडखोरांनी फॅक्टरीच्या गाडीत बदल केले, फॅक्टरीने ते उचलले, आणि आता ते अस्सल दिसावेत म्हणून काम पुन्हा दुकानात पाठवलं.

तर आकर्षण कशाचं? माझ्या मते गिऱ्हाईक एका धाडसाची पावती विकत घेतं. ते धाडस दुसऱ्या कोणीतरी केलेलं असतं: हॅकसॉ घेऊन नवी गाडी कापायचं, ती बिघडली तर बिघडली म्हणायचं, शेजारी काय म्हणतील याची पर्वा न करायचं. आपल्यापैकी बहुतेकांकडे ना गॅरेज, ना वेळ, ना तेवढी छाती. सोमवारी सकाळी मीटिंग असते, ईएमआय असतो. फॅक्टरी सांगते, काळजी नको, बंड आम्ही तयार करून देतो, वॉरंटीसकट, आणि तुमच्यासारखे जगात फक्त १,५०० असतील याची हमी. यात हसण्यासारखं काही नाही. गडावर न लढता आपणही गडावर जातोच की, आणि वाऱ्यात उभं राहिल्यावर ऊर भरून येतो तो खोटा नसतो. फरक एवढाच की तिथे पाटी लावून कोण लढलं ते सांगितलेलं असतं.

आपल्याकडे ही गोष्ट कशी आली तेही मजेदार आहे. २००७ मध्ये भारताने अवजड मोटारसायकलींच्या आयातीतली उत्सर्जन नियमांची अडचण दूर केली आणि अमेरिकेने आपल्या आंब्याला दार उघडलं. वर्तमानपत्रांनी त्याला आंब्याच्या बदल्यात हार्ले असंच म्हटलं. त्या वर्षी अमेरिकेला गेलेला हापूस नाशिक जिल्ह्यात लासलगावला, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या 'कृषक' केंद्रात विकिरण करून गेला. मूळ कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून उभारलेली जागा ती! हार्लेची विक्री इथे २०१० मध्ये सुरू झाली, पुढच्या वर्षी हरियाणात बावलला जुळणीचा कारखाना झाला, आणि सप्टेंबर २०२० मध्ये कंपनीने इथला स्वतःचा कारभार गुंडाळायचं जाहीर करून महिन्याभरात हिरो मोटोकॉर्पशी करार केला. २०२३ मध्ये त्यातून एक्स४४० आली, सव्वादोन-अडीच लाखांच्या घरात. क्रूझरचा आकार तर त्याआधीच पुण्याच्या बजाजने २००१ च्या एलिमिनेटरमधून आणि २००५ च्या ॲव्हेंजरमधून मध्यमवर्गाच्या पार्किंगमध्ये आणून लावला होता.

पण हार्ले भारतात त्याच्याही खूप आधी होती. महायुद्धातून उरलेल्या लष्करी गाड्या आठवतात ना? त्या दिल्लीतही उरल्या होत्या. तिथल्या कारागिरांनी त्यांचं मागचं चाक काढलं, दोन चाकांचा सांगाडा जोडला, वर छत टाकून सहा-आठ माणसं बसतील अशी बैठक केली. या 'फटफटी' चांदनी चौकाच्या बाजूला काही दशकं शेअर टॅक्सी म्हणून धावल्या, आणि नव्वदच्या दशकाच्या शेवटी प्रदूषणाच्या कारणावरून बंद झाल्या. एकच युद्ध, एकाच कंपनीच्या गाड्या. कॅलिफोर्नियातल्या पोराने तिच्यावरचं वजन उतरवलं, कारण त्याला एकट्याला पळायचं होतं. दिल्लीतल्या मिस्त्रीने तिच्यावर वजन चढवलं, कारण त्याला घर चालवायचं होतं. दोघांनीही मूळ यंत्र उघडून आपल्या गरजेप्रमाणे नवं केलं. दोन्ही फोर्कच. पण एकाची वंशावळ ५० हजार डॉलरच्या गाडीपर्यंत पोचली, आणि दुसरा भंगारात गेला.

आज तर आपल्याकडे तो रस्ता कायद्यानेच अरुंद आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत कंपनीने दिलेल्या मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते आणखी स्पष्ट केलं. मोठ्या आवाजाचे सायलेन्सर जप्त करून पोलिस त्यांच्यावर रोडरोलर फिरवतात ते फोटो आपण बघतोच. रात्री बाराला खिडकीखालून कोणी फटाके फोडत गेलं की माझीही सहानुभूती रोडरोलरला असते! पण त्याचा एक परिणाम असा की अमेरिकेत जी गोष्ट गॅरेजमध्ये सुरू होऊन फॅक्टरीत संपली, तिचा आपल्याला फक्त शेवटचा अंक मिळतो. सुरुवातीची हॅकसॉ नाही, मधली गुंडगिरी नाही, एकदम नंबर घातलेली पाटी.

म्हणून अशी एखादी गाडी कधी सिग्नलला शेजारी येऊन उभी राहिली तर जरूर बघा, ती देखणी असतेच. टाकीवरचा रंग बघा, लपवलेले शॉकॉबसर शोधा, तो लंगडा ठेका ऐका. नंबराची पाटी दिसली तर तीही वाचा. एकूण किती गाड्या झाल्या हे तिच्यावरून कळतं. बिल डेव्हिस, क्लिफ व्हॉन्स, बेन हार्डी आणि दिल्लीचे ते नाव नसलेले मिस्त्री मात्र त्या पाटीवर कधीच नसतात. तेवढी नावं आपण लक्षात ठेवू.